काटा बाजूला ठेवा, टेप आणा

लगीनसराईच्या तोंडावर एक बाई आमच्या औषधांच्या दुकानात आल्या. काउंटरवर रेलल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते बारीक व्हायचं इंजेक्शन निघालंय ना, ते तुमच्याकडं मिळतं का?" मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. साखरपुड्याचे फोटो बघून मुलीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती, मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला इंजेक्शनच्या पेनाचा फोटो होता. चिठ्ठीशिवाय देता येत नाही म्हटल्यावर त्या तोंड वाकडं करून गेल्या. मुलगी माझ्या पाहण्यातली आहे, जाड म्हणावी अशी अजिबात नाही.

त्याच संध्याकाळी भाजीचा टेम्पो चालवणारे एक गृहस्थ आले. वय ५२, साखर निघून नऊ वर्षं झालेली. हातपाय काटकुळे, पण शर्टाची खालची दोन बटणं कशीबशी तग धरून. हातात सोनोग्राफीचा कागद, त्यावर 'ग्रेड टू फॅटी लिव्हर'. डॉक्टर म्हणाले होते, आजकाल सगळ्यांनाच असतं, आणि नेहमीच्या गोळ्यांखाली लिव्हरच्या टॉनिकची बाटली वाढवली होती. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "अण्णा, आयुष्यात दारूला शिवलो नाही. मग लिव्हर कशानं गेलं?"

बाईंनी मागितलेलं औषध खरं तर या माणसाच्या कामाचं होतं. पण ते त्याला कुणी सुचवलं नव्हतं आणि बहुधा सुचवणारही नाही. तो वजनकाट्यावर उभा राहिला तर काटा म्हणतो, हा माणूस ठीक आहे. या लेखात माझं भांडण या काट्याशी आहे. आतड्यातल्या संप्रेरकांवर बेतलेली औषधं आपल्याकडं 'वजन कमी करायची इंजेक्शनं' म्हणून आली आणि वजन व पाकीट बघून वाटली जाताहेत. ती मधुमेहाची आणि यकृताची औषधं म्हणून कमरेचं माप आणि रक्ताचा अहवाल बघून, सरकारी दवाखान्यातून दिली गेली पाहिजेत.

आधी संप्रेरकांबद्दल थोडं. आतडं म्हणजे अन्न पुढं ढकलणारी नळी, असं आपण समजतो. पण 'हार्मोन' हा शब्द जगात आला तोच आतड्यामुळं. १९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याच्या सगळ्या नसा तोडल्या आणि त्या तुकड्यात आम्ल सोडलं. नसा तुटलेल्या असूनही स्वादुपिंडातून रस पाझरू लागला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा सगळ्या निरोप्यांसाठी हार्मोन हा शब्द रुजवला. हार्मोन म्हणून ओळखलं गेलेलं पहिलं द्रव्य म्हणजे आतड्याची चिठ्ठी होती, स्वादुपिंडाला पाठवलेली.

१९६४ साली आणखी एक गोष्ट लक्षात आली. ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन जेवढं वाढतं, त्यापेक्षा कितीतरी जास्त ते पोटातून दिल्यावर वाढतं. जेवण आतड्यात पोचताच आतडं स्वादुपिंडाला कळवतं की साखर येतेय, तयारीला लाग. धडधाकट माणसात जेवणानंतरच्या इन्सुलिनपैकी निम्म्याहून जास्त इन्सुलिन या निरोपामुळं सुटतं. टाइप-२ मधुमेहात ही व्यवस्था ढिली पडते. निरोप पोचवणारे मुख्य दोघं. लहान आतड्याच्या वरच्या भागातून निघणारं जीआयपी आणि खालच्या भागातून निघणारं जीएलपी-१. दुसरं जास्त गुणी आहे. ते साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन सोडायला लावतं, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकाला आवरतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला सांगतं की पुरे झालं. फक्त आयुष्य फार कमी, दोनेक मिनिटांचं. डीपीपी-४ नावाचं विकर त्याचा लगेच तुकडा पाडतं.

ही ओळख नवी वाटत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबा उघडून बघा. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यातली एखादी पट्टी बहुतेक सापडेल. ही सगळी ग्लिप्टिन मंडळी डीपीपी-४ ला अडवतात आणि आपल्याच आतड्याचं जीएलपी-१ जरा जास्त वेळ टिकू देतात. म्हणजे आतड्याच्या संप्रेरकांवरची औषधं महाराष्ट्राच्या घराघरांत कधीच पोचली आहेत. एकेकाळी महाग म्हणून निम्मीच पट्टी नेली जाणारी ही गोळी. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ च्या जुलैत संपलं आणि सप्टेंबरात जनऔषधीत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

इंजेक्शनांची कथा निराळी आहे. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा, घोरपडीच्या चेहऱ्यामोहऱ्याचा एक विषारी सरडा असतो. त्याच्या विषात जीएलपी-१ सारखं काम करणारं, पण डीपीपी-४ ला दाद न देणारं एक द्रव्य जॉन इंग या डॉक्टरला १९९२ साली सापडलं. त्यावरून बनलेलं पहिलं औषध एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. पुढं लिराग्लुटाइड, मग आठवड्यातून एकदाच घ्यायचं सेमाग्लुटाइड आणि जीएलपी-१ व जीआयपी या दोघांचंही काम करणारं टिर्झेपेटाइड. ग्लिप्टिन गोळी आपल्याच आतड्याची पुंजी जपून वापरते. इंजेक्शन त्याच्या कैकपट रक्कम बाहेरून ओततं. म्हणूनच ग्लिप्टिननं साखर थोडी उतरते, पण वजन जागचं हलत नाही आणि यकृतावरची चरबीही हलत नाही.

आता यकृत. आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडं जात नाही. ते पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं आणि यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळपास तीन-चतुर्थांश रक्त असं आतड्याकडून येतं. घरात आलेलं किराणा सामान आधी जिच्या हाताखालून जातं अशी ही गृहिणी. जास्तीची साखर आली की यकृत तिची चरबी करतं आणि ती कातडीखालच्या कोठारात पाठवतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे रॉय टेलर यांचं म्हणणं असं की हे कोठार प्रत्येकाचं वेगळं असतं. मी ते माझ्यापुरतं कणगीच्या भाषेत समजून घेतलंय. कुणाची कणगी दहा पोत्यांची, कुणाची तीन पोत्यांची. कणगी भरली की धान्य सोप्यात सांडतं, मग माजघरात. चरबी यकृतात साचते, साचलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, रात्रभर साखर ओतत राहतं आणि सकाळची उपाशीपोटीची शुगर १६० येते. ती आवरायला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्या इन्सुलिनच्या जोरावर यकृत आणखी चरबी करतं. पुढं चरबी स्वादुपिंडातही उतरते. मधुमेह आणि चरबीचं यकृत ही दोन दुखणी एकाच घरात शेजारी बसून एकमेकांना चहा पाजत असतात.

यातली बरीच माणसं नुसत्या चरबीवर थांबतात. काहींच्या यकृताला सूज येते, सुजेतून डाग म्हणजे फायब्रोसिस होतो आणि डाग वाढत वाढत सिरॉसिस. मग पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या, बरळणं. माझी एक चुलती अशीच गेली. माळकरी बाई, मांसमच्छी नाही, दारूचा तर वासही नाही. पण तिच्या दहाव्याला आलेल्या लोकांत कुजबुज होतीच, लिव्हर म्हणजे घरात काहीतरी असणार. यकृत म्हणजे दारू हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय, की न पिणारा माणूस सोनोग्राफीचा कागद लपवून ठेवतो. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराच्या नावातून 'नॉन-अल्कोहोलिक' काढून टाकलं आणि 'मेटाबॉलिक' घातलं. आपल्या गावात ती बातमी अजून पोचायची आहे.

इंजेक्शन यकृताचं काय करतं? गंमत अशी की खुद्द यकृताच्या पेशींवर जीएलपी-१ चं कुलूप असल्याचा पक्का पुरावा नाही. चावी लागते मेंदूत, स्वादुपिंडात, जठरात. खाणं कमी होतं, वजन उतरतं, इन्सुलिन कामाला लागतं, आणि यकृत आपोआप मोकळं होतं. पण परिणाम खरा आहे. यकृताला सूज आणि मध्यम ते गंभीर डाग असलेल्या ८०० रुग्णांचा सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीतला ७२ आठवड्यांचा निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ६३ टक्के लोकांची सूज डाग न वाढता गेली. औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. डाग कमी होण्याचं प्रमाण ३७ विरुद्ध २२. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं याच वापरासाठी त्याला परवानगी दिली, मुख्य अट ही की सिरॉसिस झालेला नसावा. ती अट उगाच नाही. सिरॉसिस झालेल्या ७१ जणांवर हेच औषध आधी वापरून झालं होतं आणि डाग हटले नव्हते. म्हणजे दार उघडं आहे ते मधल्या टप्प्यात. नंतर ते बंद होतं.

आणि आपली व्यवस्था पैसे कधी मोजते? दार बंद झाल्यावर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, ही मोठीच गोष्ट आहे. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. पोटातलं पाणी काढायला, उलटीतलं रक्त थांबवायला सरकारकडं पैसे आहेत. त्याच माणसाला दहा वर्षं आधी ओपीडीत जे औषध लागलं असतं, ते त्यानं स्वतःच्या खिशातून घ्यायचं. दुकानाच्या बाजूनं बघणाऱ्या मला हा हिशेब कधीच पटलेला नाही.

आता काट्याकडं येतो. वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांचा नियम असा की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० च्या वर असावा, किंवा मधुमेहासारखा जोडीचा आजार असेल तर २७ च्या वर. हे आकडे गोऱ्या लोकांच्या शरीरावरून आले आहेत. आपल्या शरीरावर ते बसत नाहीत हे जगाला सांगितलं ते पुण्यानं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत एक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याआधी याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांची मापं घेतली होती. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपल्या बाळाचे हातपाय, स्नायू, पोटातले अवयव सगळं लहान. फक्त कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच. बारीक दिसणारं, आतून चरबीचं शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो. कणगी लहान, आणि सांडायला वेळ लागत नाही.

टेम्पोवाल्यांची उंची ५ फूट ५ इंच, वजन ६६ किलो. बीएमआय २४ च्या आसपास. २७ गाठायला या माणसाला आणखी आठ किलो वाढवावं लागेल! मधुमेहासाठी म्हणून हेच औषध देता येतं, तिथं बीएमआयची अट नाही, हे खरं. पण बाजारात त्याची ओळखच 'बारीक व्हायचं' अशी झाली आहे. 'तुम्ही कुठं जाड आहात?' असं म्हणून विषय संपतो, किमतीपर्यंत गोष्ट जातच नाही.

काउंटरवर मी त्यांच्या जुन्याच रिपोर्टवरून एक गणित केलं. ते कुणीही करू शकतं, म्हणून इथं देतो. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत येणारी दोन विकरं. प्लेटलेट हजारांत धरायच्या. वय ५२, एसजीओटी ५८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ६० हजार. वरती ३०१६, खाली १६० गुणिले ८, म्हणजे १२८०. उत्तर २.३६. याला फिब-४ म्हणतात. १.३ च्या खाली आलं तर सहसा काळजी नाही. २.६७ च्या वर गेलं तर डाग बराच असण्याची शक्यता. मधलं आलं तर फायब्रोस्कॅन करून यकृताचा कडकपणा मोजायचा. पासष्टीच्या पुढं खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात. सोनोग्राफीचा 'ग्रेड' चरबी सांगतो, डाग सांगत नाही, आणि माणूस जातो तो डागानं. वय सोडलं तर यासाठी लागणारे तिन्ही आकडे रक्ताच्या साध्या तपासणीत येतात. टेम्पोवाल्यांच्या फाइलमध्ये ते तीन वर्षांपासून पडून होते. कुणी भागाकार केला नव्हता.

टॉनिकची बाटली मी त्यांना दिली, कारण चिठ्ठीवर होती. मी रोज अशा बाटल्या विकतो, नफा बरा सुटतो आणि गिऱ्हाइकाला काहीतरी घेतल्याचं समाधान मिळतं. डाग मागं हटवल्याचा भरवशाचा पुरावा त्यामागं नाही. महिन्याच्या तीन-चारशे रुपयांत हा माणूस तीन वर्षांत तपासणीचे आणि औषधाचे बरेच पैसे उभे करू शकेल. मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी पायोग्लिटाझोनसुद्धा सुजलेल्या यकृतावर काम करते. वजन आणि पायाची सूज वाढवते म्हणून ती सगळ्यांना चालत नाही, आणि २०१३ साली तिच्यावर आलेली व दीड महिन्यात उठलेली बंदी डॉक्टरांच्या अजून लक्षात आहे. तरी विचार तर व्हावा.

मग सरकारनं काय करावं? नवीन काही उभारायची गरज नाही, असं माझं म्हणणं आहे. २०२१ मध्येच केंद्रानं चरबीच्या यकृताचा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घातला आहे. आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचं माप आहे. बाईचं ८० सेंटिमीटर आणि पुरुषाचं ९० सेंटिमीटर ओलांडलं की गुण वाढतात. म्हणजे आपल्या शरीराला योग्य असं मोजमाप मुंबई-पुण्याच्या चकचकीत क्लिनिकात नाही, वाडीवस्तीवर चालत जाणाऱ्या आशाताईंच्या पिशवीत आहे. टेप आहे. कंबर भरली, साखर निघाली, की प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तीन नावं असलेली रक्ततपासणी आणि कागदावर एक भागाकार. १.३ च्या वर आलेल्यांसाठी जिल्हा रुग्णालयात फायब्रोस्कॅन. त्यातून मधल्या टप्प्याचा डाग आणि मधुमेह दोन्ही असलेले लोक निघतील, ते या औषधाचे पहिले हक्कदार. लग्नात बारीक दिसू पाहणारी मुलगी नव्हे.

पैशाचं काय, हा प्रश्न येणारच. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपेटाइड भारतात आलं तेव्हा सगळ्यात लहान मात्रेची, आठवड्याला लागणारी एक कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४ हजार. त्या भावात सरकारी औषधाची गोष्ट करणंही वेडेपणा होता. पण भारतातलं सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं. त्यापुढं देशी कंपन्यांना वाट मोकळी. हे औषध बनवायला महिन्याला साधारण १ ते ५ डॉलर पुरतात, असा हिशेब अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडला आहे. मघाचे ६० रुपये आठवा. किंमत पडणार यात मला शंका नाही. प्रश्न एवढाच, की पडलेल्या किमतीचा फायदा घेऊन कोण मोठ्या प्रमाणात खरेदी करणार, ब्यूटी क्लिनिकं की महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण?

आणि हे आपण यकृताच्याच बाबतीत एकदा करून दाखवलं आहे. हिपॅटायटिस-सी वरचं सोफोसबुव्हिर अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीला एक हजार डॉलर पडत, पूर्ण उपचाराला ८४ हजार. तेव्हा कुणी म्हटलं असतं की हे भारतात सरकारी दवाखान्यात फुकट मिळेल, तर त्याला हसले असते. देशी कंपन्यांनी ते बनवलं आणि जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ते फुकट मिळू लागलं. फरक आहे, मान्य. हिपॅटायटिस-सी तीन महिन्यांत बरा होतो, इथं औषध वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत येतं, हेही चाचणीत दिसलं आहे. पण रक्तदाबाची गोळी सोडली की दाबही परत येतो. म्हणून आपण ती द्यायची थांबवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो बहुधा घरातूनच येतो. "खाणं आवरा की! इंजेक्शनं कशाला?" दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित महाराष्ट्रात इतके लोकप्रिय झाले ते उगाच नाही. आणि खाणं आवरल्यानं होतं, हे खरंच आहे. ब्रिटनमधल्या एका चाचणीत दिवसाला साधारण ८०० कॅलरींच्या आहारानं ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधाशिवाय आटोक्यात आला. टेलर यांनी पुढं असाच प्रयोग टेम्पोवाल्यांसारख्या, बीएमआय २७ च्या खालच्या २० मधुमेह्यांवर केला. त्या लोकांनी आपलं वजन जेमतेम दहा टक्क्यांनी उतरवलं, यकृतातली चरबी पडली आणि २० पैकी १४ जणांचा मधुमेह मागं हटला. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही यकृत हलकं करून फायदा होतो, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

पण हे करणाऱ्या माणसांच्या मागं आहारतज्ज्ञ होते, तयार पेयांची पाकिटं होती, नियमित विचारपूस होती. तरी पहिल्या चाचणीतले ४६ टक्के दोन वर्षांनी ३६ वर आले. पहाटे तीनला मार्केट यार्डात माल भरणारा, दोन वडापाव आणि चार कटिंगवर दुपारचे दोन वाजवणारा माणूस 'खाणं आवर' या सल्ल्याचं काय करणार? त्याच्या आतड्याचा 'पुरे' हा निरोप आधीच क्षीण झालाय. त्याला इच्छाशक्तीवर प्रवचन देणं म्हणजे चष्मा लागलेल्याला डोळे ताणून बघ म्हणण्यासारखं आहे. ज्याला आहारानं जमतं त्यानं जरूर करावं, आणि दवाखान्यानं आधी तेच करून बघावं. सहा महिन्यांत जमलं नाही तर दोष माणसाचा नाही, एवढं मान्य केलं तरी पुष्कळ.

माझ्या बाजूची कच्ची विटही दाखवतो. यकृताच्या त्या मोठ्या चाचणीतल्या लोकांचा सरासरी बीएमआय ३४ च्या वर होता. बीएमआय चोवीस असलेल्या माणसाला तेवढाच गुण येईल असं छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय या इंजेक्शनांनी उतरणाऱ्या वजनात साधारण २५ ते ४० टक्के वाटा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असतो. आपल्या लोकांकडं स्नायू जन्मतःच कमी. साठीतल्या काटकुळ्या बाईला हे औषध देऊन डाळ-अंडी-दूध आणि थोडी उठाबशी यांची सोय न करणं म्हणजे यकृत वाचवून कंबर मोडणं. मळमळ, बद्धकोष्ठ, पित्ताशयातले खडे हे त्रास आहेतच, स्वादुपिंडाला सूज क्वचित येते. म्हणून मात्रा कमी लागेल का, किती दिवस लागेल, हे आपल्याच माणसांवर तपासायला हवं. ते काम मुंबई-पुण्याची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं करू शकतात आणि त्यासाठी रुग्णांचा तुटवडा तरी नक्कीच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणं देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्याच पाहणीत जाड माणसं २८.६ टक्के, पण पोट सुटलेली ३९.५ टक्के. या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजेच काट्याला न दिसणारी माणसं.

विक्रीचं म्हणाल तर धंद्यातल्या माणसानं बोलावं की नाही कळत नाही, पण बोलतो. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्येच इशारा दिला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये याच संघटनेनं ही औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घातली, तीही वजनासाठी म्हणून सरसकट नाही. ज्यांना मधुमेहाबरोबर हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि लठ्ठपणा आहे, त्यांच्यासाठी. यकृत त्या यादीत अजून नाही, आणि लठ्ठपणाची अट तिथंही आहेच. स्वस्त पेनं येतील तसे चिठ्ठीशिवाय विकणारेही वाढतील. आमच्या संघटनेच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एकानं विचारलं, "तुम्ही नाही दिलं तर शेजारचा देणार नाही का?" देणार. म्हणूनच नियम पाळणाऱ्याला तोटा आणि मोडणाऱ्याला फायदा अशी स्थिती ठेवू नये, ही अन्न व औषध प्रशासनाकडं मागणी आहे.

टेम्पोवाल्यांना मी २.३६ हा आकडा चिठ्ठीच्या मागं लिहून दिला आणि सांगितलं, हा तुमच्या डॉक्टरांना दाखवा, फायब्रोस्कॅन लागेल. दुकानातली शिवणाची टेप त्यांच्या बेंबीवरून फिरवली, ९८ सेंटिमीटर भरली. त्यांनी विचारलं, कुठं होतं ते. आमच्या तालुक्यात होत नाही, पुण्याला जावं लागेल, म्हटलं. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं. एका दिवसाचा माल, डिझेल, बदली ड्रायव्हरचे पैसे असावेत.

"रविवारी असतंय का तिथं?"

नसतं, म्हणून सांगितलं.

"मग बघू, दिवाळीनंतर," म्हणाले, आणि टॉनिकची बाटली पिशवीत टाकून निघाले.